सरकारचे एक दार

'पोर्टल' हा शब्द आता आपल्या खेड्यापाड्यांतल्या बोलण्यातही रुळला आहे. "पोर्टल बंद आहे", "पोर्टल नाव घेत नाही", अशी वाक्ये शेतमजूर बाईच्या तोंडीही ऐकू येतात. हा शब्द मूळचा लॅटिन 'पोर्टा' म्हणजे वेस, दार ह्यावरून आलेला. संगणकाच्या पडद्यावर सरकारने जी दारे बांधली, ती एकमेकांना जोडून त्यांचे एकच दार करावे, आणि त्या दारातून आत शिरणाऱ्या माणसाला सगळीकडे एकसारखी वागणूक मिळावी, ह्या खटाटोपाचा इतिहास मला येथे सांगावयाचा आहे. मी संगणकशास्त्राचा अभ्यासक नव्हे. माझी शाळा दहावीला सुटली, आणि पुढले जे काही वाचन झाले ते कारखान्यातली पाळी संपल्यावर. परंतु संघटनेच्या कचेरीत बसून माणसांचे अर्ज भरून देण्याचे काम पुष्कळ वर्षे माझ्या वाट्याला आले आहे. आणि अर्ज भरणाऱ्याला अर्ज रचणाऱ्याच्या मनातले बरेच काही कळत असते.

ह्या विषयातले जाणकार 'यूजर एक्स्पीरियन्स' असा शब्द वापरतात. म्हणजे वापरणाऱ्याला येणारा अनुभव. शब्द नवा असला तरी कल्पना कामगाराला नवी नाही. लेथ कोणत्याही कंपनीचा असो, तातडीने यंत्र थांबवण्याचे बटण लाल असते, अळंबीसारखे फुगीर असते आणि हात पोचेल अशा जागी असते. नव्या यंत्रावर गेलेल्या माणसाला ते शोधावे लागत नाही. हा सारखेपणा आपोआप आलेला नाही. बोटे तुटली, माणसे गेली, कायदे झाले, मग तो आला. पडद्यावरच्या बटणापायी कोणाचे बोट तुटत नाही, हे खरे. पण एखाद्याचा भविष्य निर्वाह निधी तीन वर्षे अडकून राहतो, आणि तेवढ्यात मुलीचे लग्न आणि म्हाताऱ्याचे आजारपण होऊन जाते.

अनेक कचेऱ्यांचे कागद एका कागदावर आणण्याची खटपट संगणकाच्या फार आधीची आहे. आपल्या महाराष्ट्रातले तिचे सर्वांत प्रसिद्ध फळ म्हणजे सातबारा. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना एक ते एकवीस अशा नोंदवह्या असत. ब्रिटिश अमदानीत अँडरसनसाहेबाच्या मॅन्युअलाने त्यांना शिस्त लावली. त्यांतला सातवा नमुना जमिनीवरच्या हक्कांचा, आणि बारावा पिकांचा. जमीन कोणाची आणि तीत पिकते काय, हे दोन प्रश्न एकत्रच विचारले जातात, म्हणून हे दोन नमुने एका कागदावर छापले गेले. आकडे सरकारी दप्तराचे होते, पण शेतकऱ्याने त्यांचे नाव करून टाकले. सरकारी नमुन्याचा अनुक्रमांक लोकांच्या म्हणींत जाऊन बसावा, असे भाग्य दुसऱ्या कोणत्या कागदाला लाभले असेल असे मला वाटत नाही. पण हेही ध्यानात ठेवले पाहिजे, की तो नमुना शेतकऱ्याच्या सोयीसाठी आखलेला नव्हता. तो सारावसुलीसाठी होता. कुळाला आपले नाव त्या कागदावर चढवून घेण्यासाठी जे लढे द्यावे लागले, ते ह्याच कारणाने.

आता संगणकाच्या युगातल्या एका प्रकरणाकडे वळू. ते घडले इंग्लंडमध्ये, आणि त्याची नक्कल पुढे अनेक देशांनी केली, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

ब्रिटिश सरकारने २००४ साली 'डायरेक्टगव्ह' नावाचे संकेतस्थळ नागरिकांसाठी उघडले होते. व्यापाऱ्यांसाठी 'बिझनेस लिंक' होते. ह्याखेरीज प्रत्येक खात्याचे आणि प्रत्येक मंडळाचे आपापले स्थळ होतेच. प्रत्येकाचा रंग वेगळा, मांडणी वेगळी, भाषा वेगळी. गाडीचा परवाना काढणाऱ्याला आधी हे ठाऊक असावे लागे, की हा परवाना देणारे खाते कोणते. सरकारची अंतर्गत रचना नागरिकाने पाठ करावी, अशी ही अपेक्षा. आपल्याकडे मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात नवखा माणूस खिडकी क्रमांक चारवरून सातवर आणि सातवरून पुन्हा चारवर जातो, तोच हा प्रकार. फक्त व्हरांडा पडद्यावरचा.

२०१० साली सरकारने मार्था लेन फॉक्स ह्या बाईंना ह्याची तपासणी करावयास सांगितले. त्या 'लास्टमिनिट' नावाच्या, प्रवासाची तिकिटे विकणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी फ्रान्सिस मॉड ह्या मंत्र्यांना पत्ररूपाने अहवाल दिला, आणि तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे, की थोडीथोडी सुधारणा करून भागणार नाही, उलथापालथ करावी लागेल. मंत्रिमंडळ कचेरीत एक मध्यवर्ती पथक नेमावे आणि सर्व खात्यांच्या स्थळांवर वापरणाऱ्याला येणाऱ्या अनुभवाचा पूर्ण ताबा त्या पथकाकडे द्यावा. वाचकांनी 'ताबा' ह्या शब्दाकडे लक्ष द्यावे. रंग, अक्षर, बटणे हे सारे नंतरचे. पहिला प्रश्न सत्तेचा होता. कोणतेही खाते आपल्या दारावरची पाटी स्वखुशीने उतरवीत नसते, आणि हे मी कामगार संघटनांचे ऐक्य घडवण्याच्या बैठकांतून पुरेपूर शिकलो आहे.

२०११ साली 'गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस' हे पथक उभे राहिले. त्याचे प्रमुख माईक ब्रॅकन 'गार्डियन' वृत्तपत्रातून आले होते. मे २०११ मध्ये एक कच्चा नमुना लोकांपुढे ठेवला गेला, जानेवारी २०१२ मध्ये दुसरा, आणि १७ ऑक्टोबर २०१२ रोजी 'गव्ह डॉट यूके' हे स्थळ अधिकृतपणे चालू होऊन डायरेक्टगव्ह व बिझनेस लिंक ह्या दोहोंची जागा त्याने घेतली. पुढल्या दोन वर्षांत मंत्रालये, आणि मग तीनशेहून अधिक मंडळे व संस्था, त्या एका छपराखाली आली.

ह्या मंडळींच्या कामाची रीत मला आवडली ती सांगतो. त्यांनी खात्याला काय सांगावयाचे आहे हे विचारले नाही. माणूस काय विचारावयास आला आहे हे पाहिले. पुढली सार्वजनिक सुटी कोणती, हे विचारणाऱ्याला आधी सुट्यांच्या कायद्यावरचा निबंध वाचावा लागू नये. त्या पानावर पुढल्या सुटीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहिलेली दिसते, बस्स. लिहिण्याची भाषा साधी केली. सामान्य माणसांना पडद्यापुढे बसवून ती कोठे अडखळतात हे शेजारी बसून पाहिले, आणि माणूस अडखळला तर दोष पानाचा मानला. आमच्या कचेऱ्यांत दोष माणसाचा मानतात.

अक्षराची कथा तर ऐकण्यासारखी आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये नवे मोठे रस्ते होऊ लागले, तेव्हा वेगाने जाणाऱ्या चालकाला पाटी वाचता यावी म्हणून जॉक किनीर आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट कॅल्व्हर्ट ह्यांनी 'ट्रान्सपोर्ट' नावाचे अक्षर घडवले. रोमन लिपीतली सगळी मोठी अक्षरे न वापरता मोठी व लहान मिळून त्यांनी शब्द लिहिले, कारण लांबून अक्षरे सुटी ओळखू येण्याआधी शब्दाचा आकार ओळखू येतो. तोपर्यंत गावोगावच्या पाट्या नाना तऱ्हेच्या होत्या; १९६५ पासून नव्या पाट्या देशभर लागल्या. त्याच अक्षराची नवी आवृत्ती कॅल्व्हर्टबाईंनी हेन्रिक कुबेल ह्यांच्यासह तयार केली होती, आणि तीच ह्या सरकारी स्थळासाठी घेतली गेली. रस्त्यावरची पाटी आणि सरकारचे पान ह्यांचे काम एकच आहे असे त्या मंडळींनी मानले. २०१३ साली लंडनच्या डिझाइन म्युझियमचा वर्षातल्या सर्वोत्तम रचनेचा पुरस्कार ह्या स्थळाला मिळाला. पुरस्कार मिळालेले ते स्थळ पाहून कित्येकांना ते फारच साधे वाटले. चांगल्या हत्याराचेही तसेच असते. ते हातात असल्याचे जाणवत नाही.

इथवरची कथा गोड आहे. परंतु त्याच देशात, त्याच वर्षांत दुसरी गोष्ट घडत होती. २०१३ पासून 'युनिव्हर्सल क्रेडिट' नावाची योजना लागू होऊ लागली. बेकारी, घरभाडे, मुलांचे पालन अशा सहा जुन्या मदती एकत्र करून एकच मदत, आणि तिचा अर्ज मुख्यतः संगणकावरून. ओळख पटवण्यासाठी 'व्हेरिफाय' नावाची व्यवस्था २०१६ मध्ये चालू झाली. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी २०१९ साली तपासणी केली, तेव्हा युनिव्हर्सल क्रेडिट मागणाऱ्यांपैकी अवघ्या ३८ टक्के लोकांना तिच्यातून आपली ओळख पटवता येत असल्याचे आढळले. म्हणजे ज्यांना मदतीची सर्वांत निकड, त्यांतले बहुसंख्य उंबऱ्यावरच अडले. २०२३ मध्ये ती व्यवस्था बंद करण्यात आली. केन लोच ह्यांचा 'आय, डॅनियल ब्लेक' हा २०१६ चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हृदयविकाराने काम सुटलेला तो न्यूकॅसलचा सुतार आठवेल. आयुष्यभर लाकडावर बिनचूक रेघ मारणारा तो माणूस, आणि संगणकाचा माउस त्याच्या हातात ठरत नाही. दार सुरेख होते. पण चावी नसलेल्याला त्या सुरेखपणाचा उपयोग काय?

आता आपल्या देशाकडे येऊ. भारत सरकारने राष्ट्रीय ई-प्रशासन योजना १८ मे २००६ रोजी मंजूर केली. सरकारी सेवा सामान्य माणसाला त्याच्या गावाजवळ, एका ठिकाणी मिळाव्यात, असा तिचा संकल्प होता, आणि त्यासाठी गावोगाव सेवा केंद्रे निघाली. महाराष्ट्रात 'सेतू' आणि पुढे 'महा ई-सेवा केंद्र' ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्या योजनेतले २७ प्रकल्प निरनिराळ्या खात्यांनी आपापल्या परीने उभे केले. केंद्रावर माणूस एकाच खुर्चीत बसे, पण खुर्चीपुढच्या पडद्यावर दर कामाला वेगळे दार, वेगळा परवलीचा शब्द. एकत्रीकरण झाले ते केंद्र चालवणाऱ्या मुलाच्या डोक्यात. त्या मुलांनी ह्या देशात किती विस्कळीत व्यवस्था आपल्या स्मरणशक्तीवर तोलून धरल्या, ह्याची नोंद कोणी घेतलेली नाही.

कामगारांच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख १६ ऑक्टोबर २०१४. त्या दिवशी दिल्लीत एकाच समारंभात दोन गोष्टींची घोषणा झाली. एक 'श्रम सुविधा' पोर्टल. दुसरी भविष्य निर्वाह निधीच्या सभासदाला कायमचा एक क्रमांक, ज्याला आपण 'यूएएन' म्हणतो. ह्या दोन जुळ्या भावंडांची तुलना केली की सगळा विषय उलगडतो.

श्रम सुविधा पोर्टलवर प्रत्येक आस्थापनेला एक ओळख क्रमांक मिळाला, आणि १६ कामगार कायद्यांखालची निरनिराळी विवरणपत्रे मोडून एकच विवरणपत्र भरण्याची सोय झाली. कोणत्या कारखान्याची तपासणी व्हावी हे संगणक ठरवू लागला, आणि निरीक्षकाने ७२ तासांत अहवाल चढवावा असा नियम झाला. निरीक्षकाचा मनमानी फेरा बंद व्हावा, ह्याला माझा विरोध नाही. त्या फेऱ्यातून कामगाराच्या पदरात काय पडे आणि निरीक्षकाच्या खिशात काय पडे हे आम्ही जाणून आहोत. पण ह्या पोर्टलाचा 'वापरणारा' कोण, हा प्रश्न विचारून पाहा. उत्तर मिळते: मालक. श्रमाच्या नावाने उघडलेल्या दारातून आधी मालकाची सुविधा आत गेली. कायदे १६, विवरणपत्र एक, हा हिशेब मालकाच्या टेबलावरचा आहे. त्यांतले बहुतेक कायदे पुढे चार श्रमसंहितांत विलीन झाले, आणि त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. पण 'वापरणारा' कोण, हा प्रश्न संहितेने मिटलेला नाही.

यूएएनची गोष्ट निराळी. त्याआधी फंडाचा क्रमांक कसा असे, ते जुन्या कामगारांना आठवत असेल. आधी राज्याची आद्याक्षरे, मग वांद्रे किंवा ठाणे अशा कचेरीची, मग आस्थापनेचा क्रमांक, आणि अगदी शेवटी कामगार. क्रमांकाच्या त्या रचनेतच त्याची जागा दाखवलेली होती. नोकरी बदलली की क्रमांक बदले, मागला पैसा मागे राही, आणि तो पुढे आणण्यासाठी तेरा नंबरचा अर्ज करावा लागे. पैसा काढावयाचा तर एकोणीस नंबर, पेन्शनसाठी दहा-सी, आगाऊ रकमेसाठी एकतीस. कामगाराला हे आकडे मंत्रासारखे पाठ असत. २०१४ नंतर माणूस आधी आला. नोकऱ्या त्याच्या क्रमांकाखाली लागल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये एकोणीस, दहा-सी व एकतीस मिळून एकच अर्ज झाला. आणि ज्याचे आधार व बँक खाते जोडलेले आहे, त्याला त्या अर्जावर मालकाच्या सहीची गरज उरली नाही.

ह्या शेवटच्या वाक्यावर मी थांबतो, कारण माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत अर्जाच्या रचनेत झालेला हा सर्वांत मोठा बदल आहे. भांडून नोकरी सोडलेल्या कामगाराला आपल्याच पैशासाठी त्याच मालकाच्या दारात सहीकरिता उभे राहावे लागे. सही देण्यापूर्वी 'हिशेब चुकता, तक्रार नाही' असा कागद पुढे सरकवला जाई. एक रकाना कमी झाला आणि ते उभे राहणे संपले. पडद्याचा रंग कोणता, ह्याची चर्चा करणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

मात्र सहीचा रकाना गेला तरी नावाचा राहिला. 'लक्ष्मण' हे नाव आपण देवनागरीत एकाच प्रकारे लिहितो. रोमन लिपीत ते कारखान्याच्या कारकुनाने एक्स घालून लिहिले, आधारवाल्याने के-एस-एच लिहिले, बँकेने वडिलांचे नाव गाळले. माणूस एक, संगणकाच्या लेखी तीन. दुरुस्तीसाठी कामगार व मालक ह्या दोघांचे संयुक्त निवेदन लागे. मालक पुन्हा आला! आणि कारखाना बंद पडलेला असेल तर? १९८२ च्या संपानंतर ज्या शहरात गिरण्यांची कुलपे गंजली, त्या शहराला हा प्रश्न विचारावयास नको. पुढे नियम काहीसे सैल झाले. पण दारे जोडली की चुकाही जोडल्या जातात. पूर्वी एका कचेरीतले चुकीचे नाव त्या कचेरीपुरते अडत असे. आता ते रेशनच्या दुकानापासून पेन्शनपर्यंत सगळीकडे सोबत जाते. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. विटा वाहून, धुणीभांडी करून बोटांवरच्या रेषा झिजतात, ही गोष्ट त्या यंत्राला कष्टकऱ्यांनीच शिकवली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, आणि रस्त्याने चालत निघालेली माणसे कोण, किती, कोठली, हे सरकारच्या कोणत्याही दप्तरात नव्हते. बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ चा, असंघटितांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा २००८ चा. दोहोंत नोंदणीची तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या निकालात असंघटित कामगारांच्या नोंदणीचे पोर्टल लांबवल्याबद्दल केंद्राला धारेवर धरले आणि ३१ जुलैची मुदत घालून दिली. २६ ऑगस्ट २०२१ रोजी 'ई-श्रम' उघडले. २०२४ संपेपर्यंत त्यावर तीस कोटींहून अधिक नावे चढली, आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. घरकामगार, शेतमजूर, विडी वळणाऱ्या ह्या बायकांना 'कामगार' असे म्हणणारा सरकारी कागद अनेकींना आयुष्यात प्रथमच मिळाला. त्याचे मोल कमी लेखू नये.

आता त्या दाराशी उभे राहू. नोंदणीसाठी आधारशी जोडलेला मोबाइल हवा. त्यावर ओटीपी येतो. वस्तीत असा मोबाइल पुष्कळदा घरातल्या एकाच पुरुषाच्या खिशात असतो, आणि तो पाळीवर गेलेला असतो. मोबाइल नसेल तर केंद्रावर जाऊन बोट टेकावे. म्हणजे पुन्हा ती झिजलेली रेषा. मग व्यवसाय निवडावयाचा. यादी राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातून आलेली. सकाळी तीन घरची भांडी, दुपारी मेसमध्ये पोळ्या आणि सणाच्या दिवसांत उदबत्त्या वळणाऱ्या बाईने कोणता व्यवसाय टिचवावा? पोट भरण्याच्या वाटा तर तीन. शेवटी हाती पडतो बारा आकडी क्रमांक, आणि त्याचे नाव काय? तेही 'यूएएन'! फंडाचाही बारा आकडी यूएएन, ई-श्रमचाही बारा आकडी यूएएन, दोन्ही एकाच श्रम मंत्रालयाचे, आणि दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही. कंत्राटदाराकडे सहा महिने फंडात आणि सहा महिने नाक्यावर असणारा माणूस दोन्ही कार्डे घेऊन येतो आणि विचारतो, खरा कोणता? एकसारख्या अनुभवाची आखणी करावयास निघालेल्यांनी एवढे तरी पाहावयास हवे होते. सारखेपणा असावा, पण दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देणे हा सारखेपणा नव्हे.

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी ई-श्रमला 'एक थांबा' असे रूप देण्यात आले. निरनिराळ्या मंत्रालयांच्या बारा योजना त्याला जोडल्या गेल्या. जानेवारी २०२५ पासून ते २२ भाषांत दिसू लागले. मराठी त्याआधीच्या मोजक्या भाषांत होतीच. ही प्रगती मान्य करून मी एक मागणी मांडतो. इंग्लंडातल्या त्या पथकाने माणसांना पडद्यापुढे बसवून पाहिले, तसे आपल्याकडे कोणाला बसवले जाते? ते बसवावयाचे तर नाक्यावर या, बाजार समितीच्या आवारात या, माथाडीच्या विसाव्याच्या जागी या. १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्रात झाला, तेव्हा मालक बदलत राहिला तरी मजुराची नोंद मंडळाकडे एकच राहील, अशी रचना त्या काळच्या वह्या-खतावण्यांवर उभी राहिली होती. मजुरी, फंड, रजेचा पैसा सारे त्या एका नोंदीवर. ती रचना कोणा तज्ज्ञाच्या कचेरीत सुचलेली नव्हती. पाठीवर गोणी घेणाऱ्यांनी ती मागितली होती, आणि टोळीच्या मुकादमापासून मंडळाच्या कारकुनापर्यंत प्रत्येकाचा हिशेब कोठे अडतो हे त्यांना तोंडपाठ होते.

आमच्या कचेरीत मी अलीकडे एक वही ठेवली आहे. कोणाचा अर्ज कोणत्या रकान्यापाशी अडला, पडद्यावर कोणते वाक्य आले, आणि त्या माणसाने त्याचा अर्थ काय घेतला, एवढे तीन रकाने. 'पडताळणी अयशस्वी' हे वाक्य वाचून एका म्हाताऱ्याने आपण नापास झालो असे घरी सांगितले. दुसऱ्याने विचारले, की ह्याची फी किती. पोर्टलाच्या पुढल्या सुधारणेच्या बैठकीला आम्हांला बोलावले, तर ती वही मी घेऊन जाईन. आणि न बोलावल्यास टपालाने पाठवीन.